शांततेचे गाऱ्हाणे

आज 21 सप्टेंबर, संयुक्त राष्ट्रसंघाने ठरवलेला आंतरराष्ट्रीय शांतता दिन. चौल-रेवदंड्याच्या पंचक्रोशीत या दिवसाची फारशी कुणाला खबर नसते. मात्र शांतता नसली की काय होते, याची खबर या पंचक्रोशीला चांगली आहे. जुलै 2025 ची गोष्ट फार जुनी नाही. पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस होते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या. 6 जुलैच्या रात्री कोर्लईसमोर समुद्रात संशयास्पद बोट असल्याचा इशारा मिळाला आणि पोलीस, तटरक्षक दल, नौदल, बॉम्बशोधक पथक असा सगळा फौजफाटा भर पावसात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर धावला. नाकाबंदी झाली, लॉज तपासले गेले. अखेर उलगडा झाला तो असा की, रडारवर दिसली ती बोट नव्हती. पाकिस्तानी मच्छीमारांच्या जाळ्याला बांधलेला, खवळलेल्या समुद्रात तुटून वाहत आलेला तो एक बोया होता.

त्या रात्रीच्या भीतीला कुणी हसू नये. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत याच जिल्ह्यातल्या दिघी आणि शेखाडीला स्फोटके आणि शस्त्रे उतरली. 12 मार्चला मुंबईत 257 माणसे मेली. 26 नोव्हेंबर 2008 चे मारेकरी समुद्रातूनच आले. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला रायफली असलेली बेवारस बोट लागली. आणि 22 एप्रिल 2025 ला पहलगामला जी 26 माणसे मारली गेली, त्यात महाराष्ट्राची सहा होती. त्यांतला एक आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या पनवेलचा. अशा किनाऱ्याने रात्री दिवा दिसला तरी दचकावे, हे स्वाभाविकच आहे.

पण त्या बोयाचा आणखी एक अर्थ रेवदंड्याच्या कोळीवाड्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. जाळे तुटून गेले म्हणजे काय होते, हे तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. कराचीकडच्या कुणा नाखव्याचे जाळे गेले आणि त्याचा बोया इकडे आला, तेव्हा पलीकडच्या एका घरातही डोक्याला हात लावून कुणी बसले असेल. एकाच समुद्रावर दोघांचे पोट आहे आणि त्या समुद्राची किंमत दोघेही मोजतात.

आता प्रश्न असा की, या साऱ्याविषयी आपण कुणाशी बोलतो? चौलची माणसे लोकप्रतिनिधींकडे जात नाहीत असे नाही. अलिबाग-रेवदंडा रस्त्याचे खड्डे, साळावच्या पुलाची दुरुस्ती, धूपप्रतिबंधक बंधारा, जेटीजवळचा गाळ, डिझेल परताव्याची थकबाकी, बागायतदारांची वादळातली नुकसानभरपाई, या प्रत्येकासाठी निवेदने दिली जातात आणि ती द्यायलाच हवीत. शांततेचे निवेदन मात्र कुणी देत नाही. शांतता म्हटले की आपल्याला पोलीस ठाण्यातली शांतता समितीची बैठक आठवते. गणपतीच्या विसर्जनाचा मार्ग, मोहरमची वेळ, ध्वनिक्षेपकाचा आवाज. तेही महत्त्वाचेच. पण देशादेशांतली शांतता हा दिल्लीचा विषय, आपला नव्हे, असे आपण धरून चाललो आहोत. ही समजूत चौलसारख्या गावाने तरी बाळगू नये, एवढेच आज आग्रहाने सांगायचे आहे.

कारण या गावाचा इतिहासच त्याविरुद्ध साक्ष देतो. दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसूदी हा अरब प्रवासी इथे येऊन गेला. तेव्हाचे नाव सैमूर. शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान इथे राहत होते, असे मसूदीने लिहून ठेवले आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्या लोकांचे व्यवहार आणि तंटे पाहण्यासाठी राजाने त्यांच्यातल्याच एका प्रतिष्ठित माणसाची नेमणूक केली होती. त्या पदाला ‘हुनरमान’ म्हणत. तो निवडून आलेला नव्हता, राजाने नेमलेला होता, हे खरे. पण परक्या मुलखातून आलेल्या माणसांचे म्हणणे सत्तेपर्यंत पोचावे, यासाठी एक माणूस हवा आणि त्याला अधिकार हवा, हे शहाणपण अकराशे वर्षांपूर्वी चौलच्या बंदराला होते. व्यापार त्या शहाणपणावर उभा राहिला. याच पट्ट्यात बेने इस्रायलांनी तेलाचे घाणे चालवले, रेवदंड्यात त्यांचे प्रार्थनास्थळ उभे राहिले. कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून घडलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते.

आणि हे शहाणपण सुटले तेव्हा काय झाले, तेही चौलनेच पाहिले. मार्च 1508. कुंडलिकेच्या मुखाशी पोर्तुगीज आरमार नांगरून होते. इजिप्तच्या मामलुकांचे आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ यांची गलबते त्यांच्यावर चालून आली. लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. बापाचे दुःख समजण्यासारखे आहे. पण त्या दुःखाने त्याने काय केले? वर्षअखेरीस सूड घ्यायला निघालेले त्याचे आरमार आधी दाभोळला गेले. चौलच्या लढाईशी दाभोळच्या बायामुलांचा काही संबंध नव्हता. तरी ते शहर जाळले गेले आणि माणसे कापली गेली. फेब्रुवारी 1509 मध्ये दीवची लढाई झाली. तिथे मलिक अयाझने चौलला पकडलेले पोर्तुगीज कैदी परत केले. त्यांना नीट खायला-प्यायला घातलेले होते, अंगावर चांगले कपडे होते. आल्मेदाने मात्र आपल्या हाती लागलेल्या कैद्यांची निर्घृण हत्या केली. त्या साऱ्या युद्धात माणुसकीला धरून झालेली एकच गोष्ट दिसते, मलिक अयाझने शत्रूच्या कैद्यांना जिवंत ठेवून परत करणे. पाचशे वर्षांनंतरही कैद्यांचा प्रश्न आपल्या समुद्रावर जसाच्या तसा उभा आहे. त्याकडे पुढे येऊ.

चौलचे नंतरचे वेढे, कोर्लईचा रणसंग्राम यांची वर्णने पुस्तकांत भरपूर आहेत. त्यांच्या शेवटाकडे कमी लक्ष जाते. निजामशाहीने चौलला घातलेला मोठा वेढा 1571 मध्ये तहाने उठला. पोर्तुगीजांचे चौल मराठ्यांकडे आले तेही वसईच्या मोहिमेनंतर 1740 च्या तहाने, आणि त्यासाठी इंग्रजांच्या इंचबर्डने मध्यस्थी केली. लढाई कितीही मोठी असो, शेवट बोलण्यानेच झाला. मग बोलणी आधी का सुरू होऊ नयेत, हे विचारण्याचा हक्क ज्यांच्या दारात लढाया झाल्या त्यांना नाही, तर कुणाला असेल?

हा हक्क आपल्या तालुक्यात राहून वर्षानुवर्षे बजावणारा एक माणूस 2024 मध्ये आपल्यातून गेला. अॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास. जन्म मुंबईत माटुंग्याचा, 1933 चा. 1971 च्या युद्धात पूर्व आघाडीवर ‘आयएनएस ब्यास’चे ते कप्तान होते आणि त्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. डिसेंबर 1990 पासून सप्टेंबर 1993 पर्यंत ते नौदलप्रमुख होते. म्हणजे शेखाडीला स्फोटके उतरली आणि मुंबई हादरली, तेव्हा या देशाचे नौदल त्यांच्या हाती होते. निवृत्तीनंतर ते अलिबाग तालुक्यातल्या भायमळ्याला राहायला आले आणि तिथे शेती करू लागले. आणि याच माणसाने पुढची तीस वर्षे भारत-पाकिस्तान शांततेसाठी घातली.

त्यांच्या पत्नी ललिता रामदास या पहिले भारतीय नौदलप्रमुख व्हाइस अॅडमिरल कटारी यांच्या कन्या. शांततेच्या आणि अण्वस्त्रविरोधाच्या कामात त्या त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम फॉर पीस अँड डेमोक्रसी या संघटनेच्या भारतीय शाखेचे रामदास अध्यक्ष होते. मे 1998 च्या अणुचाचण्यांनंतर देशभर जल्लोष चालू असताना त्यांनी उघडपणे विरोध केला. 2004 मध्ये पाकिस्तानचे पत्रकार आय. ए. रेहमान यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नौदलाचा माजी प्रमुख आणि शेजारच्या देशाचा पत्रकार, दोघांना एकत्र, आणि तोही शांततेसाठी. असा योग क्वचितच येतो.

रामदासांच्या कामातली जी गोष्ट आपण उचलावी असे मनापासून वाटते, ती साधी आहे. ते लिहीत राहिले. सत्तेवर कुणीही असो, ते पत्र पाठवत. पुलवामा आणि बालाकोटनंतर, मार्च 2019 मध्ये, लोकसभेच्या निवडणुकीत सैन्याच्या कामगिरीचे भांडवल केले जाऊ नये म्हणून त्यांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहिले. त्यानंतर काही दिवसांतच आयोगाने जवानांची छायाचित्रे प्रचारात वापरू नका, असे पक्षांना बजावले. एका पत्राने सारे झाले असे कुणी म्हणणार नाही. पण पत्र लिहिलेच नसते तर विषय कागदावर आला नसता. ज्याने प्रत्यक्ष युद्ध केले, त्याच्या शांततेच्या आग्रहाला भ्याडपणा म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. म्हणून शांतता मागणे म्हणजे सैन्याचा अवमान, असे जे आज सहज बोलले जाते, त्याला भायमळ्याच्या या शेतकऱ्याचे आयुष्य हे पुरेसे उत्तर आहे. 15 मार्च 2024 ला ते गेले.

त्याच मार्च महिन्यात, त्यांच्या निधनानंतर दोनच दिवसांनी, पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातला एक आदिवासी खलाशी कराचीच्या तुरुंगात मरण पावला. गुजरातच्या ट्रॉलरवर कामाला गेला होता. मृतदेह घरी पोचायला महिन्याहून अधिक काळ लागला. आपल्या किनाऱ्यावरच्या कष्टकऱ्यांसाठी भारत-पाकिस्तान संबंध म्हणजे काय, ते या एका मरणात दिसते. सर क्रीकची हद्द ठरलेली नाही. समुद्रावर रेघ नसते. मासा ज्या बाजूला जातो तिकडे बोट जाते आणि पकडली जाते. 2008 च्या करारानुसार दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. 1 जुलै 2025 च्या यादीनुसार भारताचे 193 मच्छीमार पाकिस्तानच्या ताब्यात होते आणि पाकिस्तानचे 81 मच्छीमार भारताच्या. शिक्षा भोगून झालेल्या 159 भारतीय मच्छीमार व नागरी कैद्यांना लवकर सोडा, अशी मागणी त्या दिवशी आपल्या सरकारने केली. मे महिन्यातल्या भारत-पाकिस्तान लढाईला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते, तरी याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. म्हणजे बोलण्याचा एक धागा युद्धानंतरही तुटलेला नव्हता. तो बळकट करा, असे कुणी तरी म्हणायला हवे. आणि ते किनाऱ्याने म्हणावे.

कुणी विचारेल, खासदाराला निवेदन देऊन काय होणार? या प्रश्नाचे उत्तर याच तालुक्यात चरी गावाने दिलेले आहे. 27 ऑक्टोबर 1933 ला चरीच्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसणार नाही असा संप पुकारला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. संप सहा वर्षे चालला. घरात दाणा नव्हता, तरी लोक हटले नाहीत. डिसेंबर 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले. सप्टेंबर 1937 मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. 10 जानेवारी 1938 ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईला विधिमंडळावर गेले आणि बाबासाहेबांच्या नेतृत्वाखालचे शिष्टमंडळ मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना भेटले. 1939 मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला, खोती कायद्याने गेली ती 1949 मध्ये. भेटीच्या दुसऱ्या दिवशी काही घडले नाही. पण लोक जात राहिले, विचारत राहिले, आणि त्यांच्या बाजूने सभागृहात उभे राहणारे प्रतिनिधी त्यांनी मिळवले. हा लढा शस्त्राने लढला गेला नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे.

दुसरा दाखला आजच्याच तारखेचा आहे. 21 सप्टेंबर 2008 ला पेण तालुक्यातल्या 22 गावांत महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन द्यायची की नाही, यावर सरकारने शेतकऱ्यांचे मत घेतले. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते आणि गावोगावचे शेतकरी त्यासाठी झगडले होते, रामदास पती-पत्नीही त्यांच्या बाजूने उभे होते. निकालाची अधिकृत घोषणा झाली नाही, तरी शेतकऱ्यांचा नकार सगळ्यांना कळला आणि तो सेझ पुढे झाला नाही. त्या दिवशी पेणला ना गोळी झाडली गेली, ना दगड उचलला गेला. शांतता दिनी रायगडने स्वतःपुरता दिलेला तो धडा होता आणि इथल्या शाळांत तो शिकवला जायला हवा.

कायद्याचे पाठबळही आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 51 मध्ये आंतरराष्ट्रीय शांतता आणि सुरक्षितता वाढवण्याचा, राष्ट्राराष्ट्रांत न्याय्य व सन्माननीय संबंध राखण्याचा आणि वाद लवादाने सोडवण्यास उत्तेजन देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे म्हटले आहे. म्हणजे शांततेची मागणी ही सरकारविरोधी मागणी नव्हे, घटनेने सरकारला सांगितलेलेच काम ते करावे, ही मागणी आहे. आणि अनुच्छेद 350 नुसार आपले गाऱ्हाणे संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्यापुढे मराठीत मांडता येते. त्यासाठी इंग्रजी येणारा माणूस शोधत बसायला नको.

तेव्हा मागायचे काय? ‘शांतता नांदावी’ एवढेच लिहिले, तर खासदार हात जोडतील, छायाचित्र निघेल आणि कागद फायलीत जाईल. मागणी नेमकी हवी. शिक्षा संपलेल्या मच्छीमारांच्या सुटकेबद्दल लोकसभेत तारांकित प्रश्न विचारा. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची कैद्यांसाठीची जी समिती होती, तिची बैठक 2013 नंतर झालेली नाही, ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून नियम 377 खाली विषय मांडा. जप्त बोटी परत देण्याबद्दल बोलणी व्हावीत. चुकून हद्द ओलांडणाऱ्या मच्छीमाराला अटक न करता परत पाठवण्याची पद्धत ठरावी. आमदारांकडे मागणी वेगळी असेल. कैदेत अडकलेल्या खलाशांच्या कुटुंबांना राज्याने दरमहा मदत द्यावी, ती वेळेवर पोचते का हे सभागृहात विचारावे. आणि हिंदू-मुसलमानांत तेढ वाढवणारे भाषण, मग ते कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावरून होवो, आपल्या मतदारसंघात खपवून घेणार नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगावे. देशाबाहेरची शांतता गावातल्या शांततेवर उभी असते. पहलगामनंतर कुणा काश्मिरी विक्रेत्यावर, कुणा शेजाऱ्यावर राग काढला गेला, तर आल्मेदाने दाभोळला केले त्याच जातीचे ते कृत्य.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. पहलगामला ज्यांचे माणूस गेले, त्यांना शांततेचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा? उपदेश करूच नये. त्यांना न्याय हवा, गुन्हेगारांना शिक्षा हवी, किनाऱ्याची गस्त चोख हवी. हे सारे शांततेच्या मागणीतच येते. 31 डिसेंबर 1988 च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी 1 जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतरही दिल्या, मुंबईवरच्या हल्ल्यानंतरही दिल्या. त्या देताना कुणी आपल्या मृतांना विसरले नव्हते. अणुकेंद्रावर हल्ला झाला तर उरणारच कोण, हे दोघांना कळत होते म्हणून दिल्या. चौलपासून ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र किती जवळ आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या कराराची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

2 ऑक्टोबरला, गांधी जयंतीला, गावोगावी ग्रामसभा होतील. चौल, रेवदंडा, कोर्लई, नागाव, आक्षी या गावांनी त्या दिवशी विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा. ठराव मराठीत लिहावा, मच्छीमार सोसायट्यांच्या, बागायतदारांच्या, मशिदीच्या, चर्चच्या आणि मंदिराच्या विश्वस्तांच्या सह्या घ्याव्यात. मग पाच-सहा जणांनी, त्यात किमान दोन कोळी महिला असाव्यात, आमदारांची आणि खासदारांची रीतसर वेळ घेऊन त्यांना भेटावे. निवेदनाची पोच शिक्क्यासह घ्यावी. हिवाळी अधिवेशनात प्रश्न विचारला गेला का, हे पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे. विचारला गेला नसेल तर पुन्हा जावे. चरीची माणसे सहा वर्षे गेली होती.